राख सुमात्राची, थर बोरीचा : मधल्या कंपनीमार्फतची परदेशी नोकरी आणि आयकर

बोरी बुद्रुकला कुकडी नदीच्या काठच्या दरडीत राखेचा एक फिकट थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तो अभ्यासाला घेतला आणि जुन्नर तालुक्यातलं हे गाव भूगर्भशास्त्राच्या लेखनात पोहोचलं. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिथला शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. बोरीची राख त्याच उद्रेकातली की त्याहून जुनी, यावर बराच वाद झाला. थर कुठे सापडतो, यावर मात्र वाद नाही. तो बोरीत आहे.

परदेशी पगाराचा आयकर समजून घ्यायला हे उदाहरण उपयोगी पडतं. पैसा कोणत्या देशातून निघाला यापेक्षा काम कुठे झालं आणि करणारा माणूस वर्षभर कुठे राहिला, हे कायदा आधी विचारतो.

समजा, बोरीतल्या एका घरात वडील टोमॅटोच्या विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवतात आणि मुलगी माडीवर बसून अमेरिकेतल्या कंपनीचं सॉफ्टवेअर तपासते. तिच्या पगारपत्रकावर त्या अमेरिकी कंपनीचं नावच नाही, तिसऱ्याच कंपनीचं आहे. मग कर कुणी कापायचा, कुठे भरायचा आणि कुणी चुकवला तर नोटीस कुणाला येणार?

मधली कंपनी म्हणजे कोण?

काम एकाचं, पगार देणारा दुसरा, अशी व्यवस्था साधारण तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’चा, म्हणजे कागदोपत्री मालकाचा. या क्षेत्रात त्याला ईओआर म्हणतात. परदेशी कंपनीला भारतात स्वतःची कंपनी काढायची नसते. मग ईओआरची भारतातली कंपनी तुम्हाला नेमणूकपत्र देते, रुपयांत पगार देते आणि परदेशी कंपनीकडून तो खर्च व आपलं कमिशन वसूल करते.

दुसऱ्या प्रकारात नेमणूकपत्रच नसतं. ‘कन्सल्टंट’ किंवा ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून करार होतो आणि परदेशातली एखादी एजन्सी दरमहा डॉलर पाठवते.

तिसऱ्या प्रकारात एजन्सी माणसालाच परदेशी किंवा जहाजावर पाठवते. मुंबईतल्या जहाजभरती कंपन्या हे याचं आपल्याकडचं जुनं आणि परिचित रूप.

पहिला प्रश्न : भारतात किती दिवस होतात?

१ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिलात, तर तुम्ही निवासी. वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, अशी दुसरीही कसोटी आहे. पण नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती ६०ऐवजी १८२ दिवसांची सवलत मिळते. परदेशी राहून सुट्टीला येणाऱ्यालाही ती मिळते. मात्र त्याचं परदेशी मिळकत सोडून उरलेलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर २०२०पासून ही मर्यादा १२० दिवसांची आहे.

फरक मोठा आहे. सर्वसाधारण निवासी माणसाला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो. अनिवासी माणसाला फक्त भारतात मिळालेल्या किंवा भारतात उपजलेल्या उत्पन्नावर.

आखातात आयकर नाही, मग तिथल्या नोकरदाराला भारत कर लावणार का, ही भीती २०२०च्या अर्थसंकल्पानंतर पसरली होती. कुठल्याच देशात कर न भरणाऱ्या भारतीय नागरिकाला निवासी मानायची तरतूद तेव्हा आली. पण परदेशी मिळकत सोडून उरलेलं उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असेल तरच ती लागू होते आणि लागू झाली तरी परदेशातल्या पगारावर त्यामुळे इथे कर बसत नाही. दुबईतल्या फोरमनला घाबरायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न : काम कुठे बसून केलं?

भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतातच उपजला, असं कायदा मानतो. कंपनी कॅलिफोर्नियाची, एजन्सी सिंगापूरची, पैसे डॉलरमध्ये आले तरी बोरीच्या माडीवर केलेलं काम भारतातलंच. ‘परदेशी पैसा आहे, इथे दाखवायची गरज नाही’ हा सल्ला कुणी दिला, तर त्याच्याकडून दुसरा सल्ला घेऊ नये.

ईओआरचा पगार : सरळ मार्ग

इथे कागदोपत्री मालक भारतीय कंपनी असते, त्यामुळे पगारातून टीडीएस कापणं, तो सरकारकडे भरणं आणि वर्षअखेर फॉर्म १६ देणं ही तिची जबाबदारी. महाराष्ट्रात व्यवसाय करही कापला जातो : साधारणपणे दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ आहे. पीएफ लागू असेल तर त्याचीही कपात होते.

पत्रकावर टीडीएस कापलेला दिसतो, पण कंपनीने तो सरकारकडे भरलाच नाही, तर? आयकर कायदा, १९६१च्या कलम २०५नुसार कापलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. पण तो कापला गेला होता हे दाखवायला पगारपत्रक आणि बँकेचा उतारा लागतो. याउलट कर कापलाच नसेल, तर तो भरण्याची जबाबदारी तुमची. म्हणून दर तिमाहीला आयकराच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीपत्रक, उघडून कपात जमा झाली का, हे पाहावं.

‘कन्सल्टंट’चे पैसे : इथे मोह आहे

परदेशी एजन्सी थेट डॉलर पाठवते तेव्हा टीडीएस कुणी कापत नाही. खात्यात पूर्ण रक्कम येते आणि ती आपलीच वाटते. पण वर्षाचा देय कर १० हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकलं तर दरमहा एक टक्का व्याज.

आता हिशोब करून पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली, वर्षाची मिळकत १८ लाख.

ईओआरचा पगार असेल तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १७ लाख २५ हजार उरतात. पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार, मग १५ टक्क्यांनी ६० हजार आणि उरलेल्या सव्वा लाखावर २० टक्क्यांनी २५ हजार. बेरीज १ लाख ४५ हजार. ४ टक्के सेस धरून १ लाख ५० हजार ८०० रुपये.

तेच १८ लाख व्यावसायिक म्हणून मिळाले आणि व्यवसाय अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान अशा ठरावीक यादीत बसत असेल, तर कलम ४४एडीएनुसार निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. उत्पन्न होतं ९ लाख. नव्या प्रणालीत निवासी माणसाला १२ लाखांपर्यंत रिबेट मिळतो, म्हणजे कर शून्य.

मग प्रत्येकाने कन्सल्टंट का होऊ नये? कारण कराराच्या माथ्यावर काय छापलं आहे, एवढ्याने नातं ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातल्या अगरियांविषयी निकाल दिला. त्यांना मजुरी मिठाच्या मापावर मिळायची, काम हंगामी असायचं, मदतीला माणसं तेच आणायचे. तरीही काम कसं करायचं यावर कंपनीची देखरेख होती, म्हणून ते कामगारच ठरले. खटला कामगार कायद्याचा होता, पण नोकरीचा करार कुठला आणि कामाचा करार कुठला, हे ओळखायची ती कसोटी आजही वापरली जाते.

तीच आपल्या मुलीला लावून पाहा. कामाचे तास कोण ठरवतं? सुट्टीला परवानगी लागते का? लॅपटॉप कुणाचा? दुसऱ्या कंपनीचं काम घेता येतं का? सगळी उत्तरं ‘कंपनी’कडे झुकत असतील, तर कागदावर कन्सल्टंट लिहूनही ती नोकरीच आणि निम्म्या उत्पन्नाची सवलत वादात सापडू शकते. शिवाय पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा यांतलं काहीच कन्सल्टंटला मिळत नाही. वाचलेल्या दीड लाखातून ते वजा करून पाहावं.

जीएसटीचंही पाहावं लागतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सेवा पुरवणाऱ्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही. त्यावर गेली तर लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली आणि परकीय चलनात पैसे आलेली सेवा निर्यात ठरते आणि तिच्यावर शून्य दर असतो. त्यासाठी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दाखल करावं लागतं. आपलं बिल नक्की कुणाच्या नावे निघतं, ग्राहकाच्या की एजन्सीच्या, हे इथे महत्त्वाचं. एजन्सीने भारतातल्या कंपनीमार्फत रुपये दिले, तर ती निर्यात राहीलच असं नाही.

घरी शेती असेल तर

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दुसरं उत्पन्न ४ लाखांच्या सूटमर्यादेपेक्षा जास्त आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मिळवलं जातं. शेतीवर कर लागत नाही, पण शेतीमुळे पगारावरचा कर वाढतो.

वरच्याच उदाहरणात पगाराचं करपात्र उत्पन्न १७ लाख २५ हजार आणि शेतीचं ३ लाख धरू. दोन्ही मिळून २० लाख २५ हजारांवरचा कर होतो २ लाख ६ हजार २५०. त्यातून शेतीचे ३ लाख अधिक सूटमर्यादेचे ४ लाख, अशा ७ लाखांवरचा १५ हजार कर वजा करायचा. उरले १ लाख ९१ हजार २५०. म्हणजे सेस सोडून ४६ हजार २५० रुपये जास्त.

उत्पन्न मात्र खरोखर मुलीचं असायला हवं. जमीन वडिलांची, कसणारे वडील, बाजार समितीतल्या पट्ट्या त्यांच्या नावच्या, तर ते उत्पन्न तिच्या रिटर्नमध्ये येत नाही. उलट सातबारा तिच्या नावे आहे आणि द्राक्षांचे पैसे तिच्या खात्यात येतात, तर ते लपवून चालत नाही. पगारातला काही भाग ‘शेतीचा’ म्हणून दाखवायचा विचार तर मनातही आणू नये. पट्टी, खताची बिलं आणि बँकेचा उतारा एकमेकांशी जुळत नसले की तो सहज उघडा पडतो.

जहाजावरची नोकरी

बोरीपासून समुद्र लांब असला, तरी हा प्रकार समजून घ्यावा. कारण मध्यस्थामार्फतच्या परदेशी नोकरीचे नियम इथे सर्वांत स्पष्ट लिहिलेले आहेत. मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असल्याशिवाय कुणाला जहाजासाठी भरती करता येत नाही. आरपीएसएल या नावाने तो ओळखला जातो. भरतीसाठी खलाशाकडून फी घेण्यालाही २०१६च्या नियमांनी मनाई आहे.

आयकरात इथेही दिवसच मोजतात. २०१५मध्ये आलेल्या आयकर नियम १२६नुसार भारतातून परदेशी बंदराकडे किंवा तिकडून इकडे येणाऱ्या सफरीत सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेवर, नोंदलेल्या साइन ऑनच्या तारखेपासून साइन ऑफच्या तारखेपर्यंतचा काळ भारतातल्या वास्तव्यात धरत नाहीत. त्याआधी जहाज भारताच्या सागरी हद्दीत किती दिवस होतं यावरून वाद होत.

दुसरा वाद खात्याचा होता. अनिवासी खलाशाचा पगार परदेशी जहाजमालक भारतातल्या एनआरई, म्हणजे अनिवासींसाठीच्या, खात्यात पाठवतो. मग पैसा भारतातच मिळाला, कर द्या, असं काही अधिकारी म्हणत. एप्रिल २०१७मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक क्रमांक १३ काढून तो मिटवला. अनिवासी खलाशाने परदेशी जहाजावर, भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही.

ही सगळी सूट अनिवासी असण्यावर उभी आहे. करार उशिरा मिळाला, घरी १८२ दिवस भरले, तर तो निवासी होतो आणि परदेशी जहाजाचा पगारही साधारणपणे करपात्र ठरतो. एजंट ‘टॅक्स फ्री’ म्हणतो तेव्हा हे दिवस मोजण्याचं काम तो तुमच्यावरच सोडून देत असतो.

परदेशी जाऊन काम : ब्रिटनचा धडा

‘परदेशी मध्यस्थ’ या नावाने थेट नियम केले ते ब्रिटनने. तिथे एक युक्ती रूढ झाली होती. काम ब्रिटनमधल्या शाळेत, कारखान्यात किंवा कार्यालयात. पण कागदावर मालक जर्सी किंवा ग्वेर्नसी बेटावरची कंपनी. मालक देशाबाहेरचा, म्हणून मालकाच्या वाट्याची सामाजिक विम्याची वर्गणी भरायलाच नको.

६ एप्रिल २०१४पासून हा मार्ग बंद झाला. कागदावरचा मालक परदेशी असला, तरी कर आणि वर्गणी कापून भरण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम होतं त्याच्याशी करार करणाऱ्या ब्रिटिश एजन्सीवर आली. अशी एजन्सी नसेल तर थेट त्या ग्राहकावर. एप्रिल २०१५पासून एजन्सींना दर तिमाहीला कामगारांचा तपशीलही द्यावा लागतो.

त्याच काळातली दुसरी युक्ती जास्त महागात पडली. कंत्राटी माणसाला नाममात्र पगार द्यायचा आणि उरलेले पैसे परदेशी ट्रस्टकडून ‘कर्ज’ म्हणून. कर्जावर आयकर नसतो. पण हे कर्ज फेडायचं नसतं, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असायचं. २०१७च्या कायद्याने ठरवलं की ५ एप्रिल २०१९ रोजी न फिटलेली अशी कर्जं उत्पन्न धरून कर लावायचा. योजना विकणाऱ्या अनेक कंपन्या तोवर बंद झाल्या होत्या. मागणी गेली ती काम करणाऱ्या माणसांकडे.

ब्रिटनला जाणारा आयटीवाला असो की नर्स, पगाराचा एखादा भाग ‘कर्ज’, ‘ॲडव्हान्स’ किंवा ‘ट्रस्टचं वाटप’ म्हणून मिळत असेल, तर तिथेच थांबावं.

दोन्ही देशांनी कर मागितला तर

भारताने अनेक देशांशी दुहेरी कर टाळण्याचे करार केले आहेत. त्यांतला नोकरीविषयक नियम साधारण असा : दुसऱ्या देशात १८३ दिवसांच्या आत राहिलात, पगार देणारा मालक त्या देशाचा नाही आणि पगाराचा बोजा त्या देशातल्या शाखेवर पडत नाही, तर तिथे कर लागत नाही. तिन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत.

मध्यस्थ कंपन्यांनी पूर्वी दुसऱ्या अटीचा फायदा घेतला. ‘मालक आम्ही, आम्ही परदेशी’ असं म्हणायचं. आता अनेक देश कागदावरच्या मालकाला बाजूला सारून खरा मालक शोधतात : हुकूम कोण देतं, कामाची जोखीम कुणाची, पगाराचा भार अखेर कुणावर. ध्रांगध्राच्या मिठागरात विचारलेले प्रश्न वेगळ्या शब्दांत इथे पुन्हा येतात.

तिथे कर भरला असेल, तर निवासी माणसाला इथल्या करातून त्याची वजावट मिळते. १९६१च्या कायद्याखाली त्यासाठी फॉर्म ६७ आणि तिथे कर भरल्याचा पुरावा लागतो.

परदेशी खातं आणि शेअर

परदेशी कंपनी पगाराबरोबर शेअर देते किंवा एजन्सी परदेशात खातं उघडून देते, तर सर्वसाधारण निवासी माणसाने ते रिटर्नच्या ‘परदेशी मालमत्ता’ तक्त्यात दाखवायलाच हवं, उत्पन्न शून्य असलं तरी. यासाठी साधा आयटीआर-१ चालत नाही. काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५च्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. ऑक्टोबर २०२४पासून जमीन-घर वगळता एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली. पण तक्ता भरायचं बंधन सुटलेलं नाही.

नव्या कायद्याचं काय?

१ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडगोळीच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आलं आणि कलमांचे क्रमांक बदलले. वर दिलेले क्रमांक १९६१च्या कायद्याचे आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६च्या उत्पन्नाला तोच लागू होतो. दिवस मोजण्याची आणि कामाची जागा पाहण्याची मूळ रीत कायम आहे.

सही करण्याआधी

करार हातात आला की मधल्या कंपनीला ईमेलवर पाच प्रश्न विचारावेत. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये.

१. माझी कायदेशीर मालक कोण आणि ती कोणत्या देशात नोंदलेली आहे?

२. टीडीएस कोण कापणार? फॉर्म १६ मिळणार का?

३. पगार कोणत्या देशातून, कोणत्या चलनात, कोणत्या खात्यात येणार?

४. पीएफ, रजा आणि नोटीस कालावधी काय?

५. एजन्सी बंद पडली, तर थकलेला पगार कोण देणार?

करार, पगारपत्रकं, परकीय चलन आल्याचे बँकेचे दाखले, पासपोर्टवरचे शिक्के किंवा सीडीसीची पानं एका फाइलमध्ये ठेवावीत. फाइल वडिलांच्या पट्ट्यांच्या पिशवीशेजारी राहिली तरी चालेल. रिटर्न भरताना सीए दोन्ही मागणार आहे. आणि टीडीएस कापला जात नसेल, तर पहिला डॉलर आला त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर १५ जूनला खूण करावी.